घरात उरलेल्या औषधांचे काय करावे?

औषधाच्या पाकिटावर 'मार्च २०२६' अशी मुदत छापलेली असेल, तर ते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत वापरता येते. मात्र ही मुदत न उघडलेल्या औषधाची असते. पावडरीत पाणी घालून तयार केलेले लहान मुलांचे अँटिबायोटिक सिरप साधारण ७ ते १४ दिवसच टिकते. डोळ्यांत घालायच्या थेंबांची उघडलेली बाटली बहुधा चार आठवड्यांनी टाकावी लागते, मग तिच्यावरची तारीख पुढच्या वर्षाची का असेना.

अशी औषधे बेसिनमध्ये ओतण्याची सवय सर्रास दिसते आणि ती घातक आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची रचना मुख्यतः मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी असते. औषधांचे अनेक रेणू त्यातून तसेच नदीत उतरतात. पाण्यात अँटिबायोटिकचा अंश राहिला, की त्याला न जुमानणारे जिवाणू तगून वाढतात. उघड्या कचऱ्यात टाकलेल्या गोळ्या मुलांच्या किंवा जनावरांच्या तोंडी जाऊ शकतात.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये मुदतबाह्य औषधांना 'घरगुती घातक कचरा' म्हटले होते. तो घेण्यासाठी शहरात दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असे ते नियम सांगत होते. तरीही असे केंद्र कुठे आहे, हे बहुतेक घरांना माहीत नसते. केरळने २०२५ मध्ये कोझिकोड येथे घरोघरची औषधे गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला; इतर राज्यांनी तो लवकर उचलायला हवा.

जवळ केंद्र नसेल, तर गोळ्या पाकिटातून काढून, न चुरडता, वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत मिसळाव्यात, पिशवी घट्ट बांधावी आणि ती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे मात्र अपवाद आहेत. चुकून कोणी घेतली तर एकच मात्रा जिवावर बेतू शकते, म्हणून केंद्रीय औषध नियामकाने २०२५ मध्ये अशा १७ औषधांची यादी देऊन ती संडासात टाकून पाणी सोडण्यास सांगितले.

दम्याचा पंप दाबाखाली भरलेला असतो. तो फोडू किंवा जाळू नये. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून, वर 'सुया' असे ठळक लिहून द्याव्यात, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या हातात त्या घुसणार नाहीत.