ब्रेकचं पेडल कडक लागतंय? घाट उतरण्याआधी बूस्टर तपासा

जुन्नर तालुक्यातून भाजीपाला घेऊन माळशेज घाट उतरणाऱ्या व्हॅन आणि पिकअप कल्याणच्या बाजारात जातात. गाडी भरलेली, रस्ता उताराचा, पावसाळ्यात वर धुकं. सगळा भरवसा एका पेडलवर.

माझ्या व्हॅनचं पेडल महिनाभर कडक होत चाललं होतं. लायनर नवीन आहेत, बसतील हळूहळू, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. एकदा टोमॅटोचे क्रेट भरून उतरताना सीटवरून उठून ब्रेक दाबावा लागला, तेव्हा डोळे उघडले.

पेडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला जो गोल डबा असतो तो बूस्टर. आत रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना डब्यातली हवा ओढून घेतली जाते. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढं ढकलला जातो. तोच आपल्या पायाला जोर देतो. डिझेल गाडीत हवा ओढायला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो.

तपासणी घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी उभी करा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही तर व्हॅक्यूमची नळी, तिचा व्हॉल्व्ह, पंप आणि मग बूस्टर, या क्रमानं मेकॅनिककडून बघून घ्या. फाटलेल्या नळीपायी अख्खा बूस्टर बदलायची गरज नाही.

पेडल मऊ, पोकळ लागत असेल तर बहुतेक लाईनमध्ये हवा असते. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडर किंवा गळती बघा. अशी गाडी रस्त्यावर काढूच नका.

माझ्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये उतरून पडदा गेला होता. नुसता बूस्टर बदलला असता तर नवाही गेला असता, म्हणून दोन्ही बदलले. पेडलची पिन आणि बुशही झिजली होती, त्यामुळे पाय ठेवला की खुळखुळ व्हायची. तीही बदलून पेडल नवं बसवलं. बूस्टर बसवताना पुढच्या दांड्याची लांबी बरोबर लावून घ्या. दांडा लांब राहिला तर ब्रेक चिकटून चाकं तापतात, आखूड राहिला तर पेडल खोल जातं. शेवटी लाईनमधली हवा काढायचीच.

आणखी एक. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते, पुढं पेडल दगडासारखं होतं. बाजारभाव आज नाही तर उद्या मिळेल, गाडी मात्र गिअरमध्येच उतरवा.