सुकाणूची 'टक'

बोट पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर टेकवली की जाणकार माणूस आधी तिच्या मागे जातो. सुकाणूचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून हलवतो. आतून 'टक' आवाज आला, की बेअरिंग झिजलं.

ही 'टक' शौकिनांच्या शिडाच्या बोटींच्या मागे लागली ती मुख्यतः गेल्या साठेक वर्षांत. त्याआधीची रीत पाहायची तर मुंबईत बांधलेली 'सुहैली' आठवावी. 32 फुटांची ही सागवानी बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये एकटेच, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तिचं सुकाणू बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं, दार बिजागऱ्यांवर टांगतात तसं. बिजागरी झिजली तर डोळ्यांना दिसते.

त्याच दशकात बोटी बदलल्या. बिल लॅपवर्थ यांच्या आराखड्याची अमेरिकी 'कॅल 40' 1963 मध्ये आली. तिचं सुकाणू कण्यापासून सुटं, बोटीच्या पोटाखाली फावड्यासारखं लोंबणारं. बोट चपळ झाली, शर्यती जिंकू लागली. पण पात्याला खालून आधारच नाही! लाटेचा सगळा रेटा आता एका दांड्यावर आणि त्याला धरणाऱ्या दोन बेअरिंगांवर. दोन्ही बेअरिंगांत मीटरभर अंतर असेल आणि पातं खालच्या बेअरिंगच्या खाली दीड मीटर उतरलं असेल, तर तिथली एक मिलिमीटरची ढिलाई टोकाशी अडीच मिलिमीटर होते.

1979 च्या फास्टनेट शर्यतीतल्या वादळात काही बोटींचे नवलाईचे कार्बन फायबरचे दांडेच मोडले. बेअरिंगची गोष्ट एवढी नाट्यमय नाही. कुणी बेअरिंग म्हणून दांड्याभोवती नायलॉनचे बुश, म्हणजे नळ्या, बसवले. नायलॉन पाणी पिऊन फुगतं, दांडा आवळला जातो आणि सुकाणू जड होतं. मग न फुगणारी प्लास्टिकं आली, पुढे रोलर आले.

बेअरिंग बदलण्याचं काम मात्र जुन्याच धाटणीचं. दांडा लांब असतो, म्हणून सुकाणू खाली ओढून काढायला बोट क्रेनने उंच धरायची, नाहीतर जमिनीत खड्डा खणायचा. जुना बुश हॅक्सॉच्या पात्याने उभा चिरायचा, तो बसतो ते घर न ओरखडता. हे हळुवार काम घाईच्या माणसाला देऊच नये. नवा बुश फ्रीजरमध्ये थंड करायचा. आकसला की अलगद आत बसतो.

समुद्रात यातलं काहीच जमत नाही. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगप्रदक्षिणा करून परतत होत्या. 2018 मध्ये हिंदी महासागरात तिची सुकाणू फिरवणारी यंत्रणा बिघडली. ठरलेल्या मार्गात नसलेलं पोर्ट लुई गाठावं लागलं. तिथे दुरुस्ती झाली आणि 21 मे रोजी ती गोव्याला लागली.