विंडोज राहू द्या, शेजारी मिंट टाका

तुमसरात धानाचे पैसे हाती आले की माझ्या दुकानात जुने लॅपटॉप येऊ लागतात. सध्या रडगाणं एकच: 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि मशीन 11 घेत नाही. मी म्हणतो, टॅलीपुरतं विंडोज ठेवा, शेजारी लिनक्स मिंट टाका. उबुंटूही चांगलंच, पण 4 जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी चालते आणि खाली डावीकडे मेन्यू दिसला की नवख्याची भीड चेपते. कॉलेजची पोरं काली लिनक्स मागतात. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार. शिकाऊच्या हाती कशाला?

आधी फोटो, सातबारा, सगळं वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. बिटलॉकर चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. फास्ट स्टार्टअप बंद करा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून 50 जीबी जागा मोकळी करा. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज तपासा. मग 'इन्स्टॉल अलाँगसाइड' निवडा. त्याच पानावर 'इरेज डिस्क' असतं. तिथे मी माऊस गिऱ्हाइकाच्याच हाती देतो, मोठ्याने वाचायला लावतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतोच, सेटिंगमधून तेवढा जोडायचा.