'ठणका' केस-पेपरवर कोण लिहिणार?

दोन वर्षांपूर्वी आईची दाढ दुखू लागली म्हणून तिला एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. फी माफक, खुर्च्या भरपूर, विद्यार्थी अदबशीर. मी पैसे भरायच्या रांगेत उभा होतो आणि आई आत खुर्चीवर. तपासणारी मुलगी परराज्यातील होती. तिने हिंदीत विचारले, "दर्द है?" आई म्हणाली, "दर्द न्हाई बाळा, ठणका हाय. रातभर ठणकतंय. थंड पाणी तोंडात धरलं की जरा बरं वाटतंय." मुलीला यातले थंड पाणी तेवढे समजले. केस-पेपरवर इंग्रजीत नोंद झाली की थंड पाण्याने त्रास होतो. दात आंबण्यावरची टूथपेस्ट लिहून मिळाली व आम्ही गावी परतलो. चौथ्या दिवशी आईचा गाल सुजून डोळा बंद झाला.

पुन्हा गेलो तेव्हा एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तिथल्या मराठी आयाबाईंना बोलावून आईला सगळे नव्याने विचारायला लावले आणि तो पेपर वाचून कपाळाला हात लावला. थंडाने दात आंबतो तेव्हा पुष्कळदा वरचे कवच झिजलेले असते. दाताच्या आतील नस सडत आली की गरमाने ठणका वाढतो आणि थंडाने उतरतो. म्हणजे आईने आजाराचे निदान जवळजवळ स्वतःच सांगितले होते, पण पेपरवर त्याच्या नेमके उलट लिहिले गेले. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला दातांचे शिक्षण मिळाले होते, आमच्या भाषेचे कोणी दिले नव्हते.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे महाविद्यालयाला जोडून दातांचा शिकवणी दवाखाना काढण्याची कल्पना. अमेरिकेत ती चांगली रुळली आहे. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ मध्ये दात साफ करण्याचे व दातांची निगा शिकवण्याचे काम स्त्रियांना शिकवले. त्यांच्या वर्गाची जागा म्हणजे एक मोटारीचे गॅरेज! तिथून बाहेर पडलेल्या स्त्रिया गावातील शाळांत जाऊन मुलांचे दात तपासू लागल्या. आज तिकडच्या कितीतरी कम्युनिटी कॉलेजांत हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे व तेथील दवाखान्यात गावकऱ्यांचे दात अल्प खर्चात साफ होतात. आपल्याकडेही १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल हायजिनिस्ट या वर्गाला मान्यता दिलेली आहे. पण खेड्यातल्या माणसाला असा कोणी भेटत नाही. दाढ हलू लागली की तो थेट काढायलाच तालुक्याला जातो.

सीमाभागातील एखाद्या महाविद्यालयाने उद्या हे मनावर घेतले तर काय काय लागेल? दंतपरिषदेची, किंवा तिच्या जागी येणाऱ्या आयोगाची परवानगी लागेल. खुर्च्या, स्वच्छ पाणी, खोलीबाहेर ठेवलेला कॉम्प्रेसर, वीज गेली तर जनरेटर, हत्यारे निर्जंतुक करण्याचे ऑटोक्लेव्ह, क्ष-किरण यंत्र व त्याचा परवाना हेही आलेच. २०१६ च्या नियमांप्रमाणे जैविक कचऱ्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या हव्यात. विद्यार्थ्याला एका रुग्णामागे अख्खी सकाळ लागते आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षकाने येऊन पाहावे लागते, हेही हिशेबात धरले पाहिजे. ही यादी कोणताही सल्लागार करून देईल. तो जे देणार नाही त्याविषयी मला लिहायचे आहे.

दंतवैद्यकाच्या केस-पेपरवर नाव-पत्त्यानंतर पहिला रकाना असतो मुख्य तक्रारीचा आणि ती रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहावी, असे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्यांदा शिकवतात. आमच्या भागात हे स्वतःचे शब्द कोणते? दात आंबतो, कळ येते, सणक जाते, ठणकतो, हलतो, हिरडी फुगते. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. गालात वीज चमकल्यासारखी सणक जाते, पण दात एकही किडलेला नाही, असे असेल तर तो चेहऱ्याच्या नसेचा आजार असू शकतो. तो न ओळखल्याने एकामागून एक चांगल्या दाढा काढल्या गेलेली माणसे आहेत. हिंदीत 'दर्द' आणि इंग्रजीत 'पेन' लिहून हा फरक पुसला जातो.

निपाणी भागाविषयी तर वेगळे सांगायला नको. १९८१ चे तंबाखू आंदोलन आपण विसरलेलो नाही, पण त्याच तंबाखूची मशेरी घरोघर बायकांच्या हिरडीवर असते, हे आपण बोलत नाही. "तंबाखू खाता का?" असे विचारले तर बाई खरेपणाने "नाही" म्हणेल, कारण मशेरी ती खात नाही, लावते! प्रश्न "मशेरी लावता का?" असाच विचारावा लागतो. सुपारी-गुटख्याने तोंड आखडू लागलेला तरुण आधी एवढेच सांगतो, "तिखट सोसेना झालंय." ऐकणाऱ्याला ही खाण्याची आवड-नावड वाटली तर तो पुढचे पाहणार नाही. वास्तविक इथेच त्याच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात का, हे पाहायचे असते. कर्करोगाची वाट इथूनही जाते.

दाढ काढण्यापूर्वी खालच्या जबड्यात इंजेक्शन देतात तेव्हा ओठ बधिर झाला की नाही, हे रुग्णालाच विचारावे लागते. "नंब हुआ?" याला आमच्या म्हाताऱ्या भिऊन मान डोलावतात. "ओठ जड झाला का? मुंग्या आल्या का?" असे विचारले तर खरे उत्तर मिळेल. दाढ काढल्यानंतरच्या सूचनांचेही तेच. बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, दिवसभर थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, मशेरी लावायची नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. आमच्याकडे घरी पोचताच गुळण्या सुरू होतात, रक्ताची गुठळी निघून जाते आणि खड्डा आठवडाभर ठणकतो. ही चिठ्ठी मराठीत हवी. दात काढू देण्याची संमती ज्या कागदावर घेतात, तोही.

इथे कोणी म्हणेल, पुन्हा मराठीचा हट्ट. कर्नाटकाच्या २०२४ च्या सुधारित कायद्याने फलकाच्या ६० टक्के भागावर कन्नड सक्तीचे आहे. ते तसेच असू द्या. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला तो कायदा मनाई करीत नाही. १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्य असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने मान्य केलेले आहे. मराठी परिपत्रकांसाठी आपण इतकी वर्षे निवेदने देतो आहोत, त्यात दवाखान्याचा कागद मात्र कधी मागितल्याचे मला आठवत नाही. ही चूक आपली. आणि शेजारच्या वाड्यातील कन्नड आजी "हल्लु नोवु" म्हणत आली तर तिच्या हिरडीला ओसडु म्हणतात, हे आपल्या मुलांनाही ठाऊक हवे. चिठ्ठी दोन्ही भाषांत छापायला कागद एकच लागतो.

गावच्या महाविद्यालयाचा खरा फायदा इथेच आहे. मोठ्या दंत महाविद्यालयातील विद्यार्थी प्रवेशपरीक्षा देऊन देशभरातून येतो आणि पदवी घेऊन जातो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला खानापूर वा चिकोडी तालुक्यातली मुलगी येईल. ती घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड बोलते आणि तिच्या आजीच्या हिरडीवरही मशेरी असते. तिला ठणका शिकवावा लागणार नाही. तो इंग्रजी रकान्यात कसा लिहायचा, एवढेच शिकवावे लागेल. म्हणून खुर्च्यांची मागणी नोंदवण्याआधी संचालकांनी एक दुपार गावातल्या चार-दोन जुन्या बायकांना बोलावून त्या दुखण्याला काय काय म्हणतात ते वहीत उतरवून घ्यावे. साठ-सत्तर शब्दांपलीकडे ही यादी जाणार नाही. ती केस-पेपरच्या मागच्या बाजूला छापता येईल.

आईची ती दाढ शेवटी काढावी लागली. दुसरीकडची आता आंबते आहे, असे ती म्हणते. ठणकत नाही ना, हे मी रोज विचारतो.