रातोरात रनवे फोडला, दंड फक्त ३३ हजार डॉलर!

३० मार्च २००३ ची मध्यरात्र. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी लेक मिशिगनच्या काठावरच्या मेग्ज फील्ड विमानतळावर बुलडोझर पाठवले. सकाळी रनवेवर भल्यामोठ्या फुल्या खोदलेल्या आणि १६ विमानं तिथेच अडकलेली. (मायक्रोसॉफ्टचा जुना फ्लाइट सिम्युलेटर गेम आठवतोय? तो सुरू व्हायचा याच रनवेवर.)

विमानतळ बंद करायच्या ३० दिवस आधी नोटीस देणं बंधनकारक होतं. ती न दिल्याचा दंड दिवसाला ११०० डॉलर, म्हणजे एकूण ३३ हजार. २००६ मध्ये शहराने तो मान्य केला. तोडफोडीसाठी विमानतळ निधीतून वळवलेले १० लाख डॉलरही परत करायचं ठरलं. पण रनवे गेला तो गेलाच. आज तिथे पार्क आहे.

पुढे अमेरिकी संसदेने दंड दिवसाला १० हजार डॉलर केला. तरी ३० दिवसांचे होतात ३ लाख. तळ्याकाठच्या मोक्याच्या जागेसाठी मोठं शहर एवढे सहज मोजेल.

मग शहरांना अडवतं काय? केंद्र सरकारचं अनुदान. ते घेतलं की साधारण २० वर्षं विमानतळ चालवावाच लागतो. मेग्जवर तशी अट उरली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाला मात्र विमानतळ नकोसा असूनही वर्षानुवर्षं कोर्टकचेरी करावी लागली. २०१७ च्या तडजोडीनुसार तो २०२८ अखेरपर्यंत सुरूच ठेवायचा आहे.