विद्यार्थी व्यायाम का टाळतात?

व्यायामाचे महत्त्व ठाऊक नसलेला विद्यापीठीय विद्यार्थी आज क्वचितच आढळेल. तरीही शाळेतील सक्तीची कवायत संपली, की मैदानाशी असलेला त्याचा संबंध बहुधा तुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला. म्हणजे दिवसाला सुमारे २२ मिनिटे. ‘वेळ नाही’ हे उत्तर म्हणूनच अपुरे वाटते. वेळ असतो, ती ठरलेली नसते.

तासिकांचे बदलते वेळापत्रक, परीक्षा, रात्रीची जागरणे, सोबतीचा अभाव, आपल्याला कोणी हसेल हा संकोच आणि मुलींच्या बाबतीत अंधारातील असुरक्षित रस्ता, हे खरे अडथळे. उलट मित्रांचा आग्रह, जवळचे मैदान, खेळातील आनंद व त्याच रात्री लागणारी गाढ झोप पावले बाहेर वळवितात. पन्नाशीतील हृदयविकाराचा धाक विशीतील मनाला फारसा शिवत नाही.

आपल्या वडोदऱ्यात राजरत्न प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरातून सांघिक व्यायामाची परंपरा रुजविली. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि सवंगड्यांची हाक यांपुढे एकट्याचा आळस टिकत नाही, हे त्या परंपरेचे मर्म होय.

तेव्हा तपासणीस आलेल्या विद्यार्थ्याला ‘व्यायाम कर’ एवढेच न सांगता केव्हा, कोठे व कोणासोबत, हे आपण विचारावे. मात्रा आणि वेळ लिहिल्यावाचून आपण औषध देत नाही. मग व्यायामच तेवढा अपवाद का असावा?