बँकर कुठंय?

सेमरिंग स्टेशनावर उतरल्या उतरल्या काकांनी विचारलं, "बँकर कुठं लावतात गं इथं?"

काका सेंट्रल रेल्वेत ड्रायव्हर होते. हुद्द्याचं नाव पुढे 'लोको पायलट' झालं, पण ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणवतात. नोकरीची बरीच वर्षं कर्जत ते लोणावळा या बोरघाटात गेली. कर्जतला गाडी थांबली की आपण वडापावासाठी खाली उतरतो. तेवढ्यात गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात आणि मागून रेटा देत गाडी वर चढवतात, ती बँकर. "आयुष्यभर लोकांना मागून ढकललं, पण पुढं मात्र कधी गेलो नाही," हा काकांचा ठेवणीतला विनोद.

त्यांच्या मुलाने युरोपच्या सहलीचा कागद पाठवला होता. त्यात पॅरिस होतं, ॲमस्टरडॅम होतं. काकांनी दोन्हीवर काट मारली. "सगळं सपाट आहे," म्हणाले. मग उरलं ते असं : वियेनाहून सेमरिंगचा घाट, व्हेनिस, मिलान, आणि तिथून गोट्हार्डचा घाट ओलांडून झुरिक. सोबतीला मी.

वियेनापासून सेमरिंग तास-सव्वा तासावर. ग्लॉग्निट्स ते म्युर्त्सत्सुश्लाग ही दोन गावं सरळ रेषेत जेमतेम २१ किलोमीटरवर. रेल्वेमार्ग मात्र ४१ किलोमीटरचा. घाट म्हणजे हेच, मुद्दाम लांबवलेलं अंतर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे डोंगर सरळ चढता येत नाही. वळणं घेत, वेळ घालवत उंची कमवावी लागते. १८४८ साली इथे काम सुरू झालं तेव्हा हा चढ चढू शकेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. कार्ल फोन गेगा हा व्हेनिसमध्ये जन्मलेला अभियंता. अमेरिकेत जाऊन तिथले डोंगरी रेल्वेमार्ग त्याने पाहिले होते. आधी रूळ टाकू, इंजिन मागाहून मिळेल, असा त्याचा हिशेब. १८५१ मध्ये अर्धवट झालेल्या मार्गावर इंजिनांची स्पर्धा लावली. चार इंजिनं उतरली, 'बव्हारिया' जिंकलं, पण रोजच्या कामाला त्यातलं एकही धड टिकेना. शेवटी त्या अनुभवावरून एंगर्ट नावाच्या अभियंत्याने वेगळं इंजिन आखलं. १८५४ च्या जुलैत प्रवासी गाड्या सुरू झाल्या.

हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे वरात आधी निघाली आणि घोडा नंतर आणला."

स्टेशनात गेगाचं स्मारक आहे आणि तिथून रुळांच्या कडेने पायवाट निघते. त्या वाटेवर एक जागा आहे, तिचं नावच 'वीस शिलिंगाचा देखावा'. ऑस्ट्रियाच्या १९६७ सालच्या वीस शिलिंगांच्या नोटेवर पुढे गेगाचा चेहरा होता आणि मागे या रेल्वेचं चित्र. समोर काल्टे रिनंऽचा पूल दिसतो : दुमजली, दगडविटांचा, १८४ मीटर लांब, ४६ मीटर उंच, आणि वर वळत गेलेला. काकांनी कठड्याला टेकून डबीतल्या दशम्या काढल्या. अर्धी दशमी झाली असेल नसेल, तोच खालून मालगाडी आली. पुढे इंजिन, मग डबेच डबे, आणि अगदी शेवटी, कशालाही ओढत नसलेलं, नुसतं रेटणारं एक इंजिन.

"बघ! बँकर!" काका उठून उभे राहिले आणि हात हलवायला लागले. हातात दशमी तशीच. त्या इंजिनातल्या माणसानेही हात वर केला.

या रेल्वेमार्गाच्या बांधकामावर एका वेळी वीसेक हजार माणसं होती, बायकाही. दगडाखाली मेली त्यांच्यापेक्षा पटकी आणि विषमज्वराने मेली ती जास्त. आपल्या बोरघाटाची गोष्ट वेगळी नाही. तिथे १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी धावली. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच वारला. पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, निभावलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली घाट सुरू होण्याच्या आदल्या वर्षी गेला. बोरघाटात सदतिसात एक असा चढ. सेमरिंगला चाळिसात एकच्या आसपास. गेगाला वळायला जागा मिळाली. आपल्याकडे एका जागी ती मिळाली नाही, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं : गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ धरायची. १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि ते गेलं. सेमरिंगलाही आता खालून २७ किलोमीटरचा बोगदा तयार होतोय. २०३० च्या सुमारास वेगवान गाड्या त्यातून जातील. घाट राहील तो संथ गाड्या आणि हौशी लोकांसाठी.

थोडं तिकिटांविषयी, कारण परत आल्यावर सगळे तेच विचारतात. युरोपात न राहणाऱ्यांसाठी युरेल पास १९५९ पासून आहे. इंटररेल हा त्याचा भाऊ १९७२ चा, तो युरोपात राहणाऱ्यांसाठी. पास काढला म्हणजे झालं असं नाही. फ्रान्स-इटलीतल्या वेगवान गाड्यांना जागा वेगळी राखावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांत नुसतं चढून बसता येतं. डोंगरातल्या संथ गाड्या तर अशाच. गंमत ही की पासाचे पैसे या संथ गाड्यांत वसूल होतात, आणि लोक पास काढून वेगवान गाड्यांच्या मागे धावतात.

व्हेनिसवर मी फार लिहीत नाही. त्यावर लिहिलेलं पुष्कळ आहे. एवढंच सांगते की १८४६ मध्ये २२२ कमानींचा पूल खाडीवर बांधला गेला तोवर या शहरात होडीशिवाय जाता येत नव्हतं, आणि स्टेशनासाठी सांता लुचियाचं चर्च पाडलं गेलं. नाव तेवढं स्टेशनाला उरलं. बाहेर पडलं की पायऱ्या आणि पायऱ्यांशी पाणी. रिक्षावाले नाहीत हे काकांना पटायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी 'शोपेरो' निघाला, म्हणजे संप. इटलीत उन्हाळ्यात तो पावसासारखा येतो. पण संपालाही नियम आहे : कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. आम्ही हे दुपारी बारा वाजता शिकलो. संध्याकाळपर्यंत फलाटावर चिवडा खात बसलो.

मिलानचं मुख्य स्टेशन १९३१ चं. फॅसिस्ट राजवटीचा मिजासखोर दगड, २४ फलाट, छत इतकं उंच की खालची माणसं वाळूसारखी दिसतात. पण आम्ही गेलो ते खाली. स्टेशनाच्या पोटात टपाल चढवायची जागा होती. १९४३ ते १९४५ या काळात तिथेच ट्रकमधून ज्यूंना आणि राजकीय कैद्यांना आणत, मालडब्यांत कोंबत, आणि भरलेला डबा लिफ्टने वर रुळांवर उचलत. वरच्या प्रवाशांना काही दिसत नसे. या जागेला 'बिनारिओ २१' म्हणतात, फलाट क्रमांक २१. ३० जानेवारी १९४४ ला इथून आउश्वित्झला गेलेल्या सहाशेहून अधिक माणसांत लिलियाना सेग्रे ही तेरा वर्षांची मुलगी होती. ती परत आली; पुढे इटलीची आजीव सिनेटर झाली. स्मारकाच्या दारातल्या भल्या मोठ्या भिंतीवर तिच्या सांगण्यावरून एकच शब्द कोरलाय : 'इन्दिफेरेंत्सा'. मराठीत मी काकांना सांगितलं, "आपल्याला काय त्याचं."

ते डब्याच्या कड्या बघत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणीतरी गाडी चालवलीच असेल ना."

मिलानहून झुरिकला जायला आता नवा बोगदा आहे. गोट्हार्ड बेस टनेल, ५७ किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा, १ जून २०१६ ला उघडला. डोक्यावर कुठे कुठे २३०० मीटर खडक, खणताना आत पंचेचाळीस अंशांपर्यंत उष्णता. तांत्रिकदृष्ट्या थोर काम. प्रवासी म्हणून मात्र वीसेक मिनिटं काचेत स्वतःचं तोंड बघायचं. आम्ही बेलिन्झोनाला उतरून 'त्रेनो गोत्तार्दो' ही तांब्याच्या रंगाची गाडी धरली. ती जुन्या मार्गाने जाते. तासभर जास्त लागतो.

जुना मार्ग १८८२ चा. वर माथ्याजवळ ऐरोलो ते गोशेनेन हा १५ किलोमीटरचा बोगदा. कंत्राट लुई फाव्हर या जिनिव्हाकराने घेतलं. मुदत चुकली की दिवसागणिक दंड, अशी अट होती. १९ जुलै १८७९ ला बोगद्याची पाहणी करत असताना तो आतच कोसळून मेला. वय ५३. पुढच्या फेब्रुवारीत, २९ तारखेला, दोन्ही बाजूंनी खणत आलेली माणसं भेटली. भोक पडल्यावर पलीकडे पहिली गेली ती एक पत्र्याची डबी, तिच्यात फाव्हरचा फोटो. दोन बोगद्यांच्या जुळणीत आडवी चूक ३३ सेंटीमीटर, उभी ५. नव्या बोगद्यात २०१० मध्ये ती ८ आणि १ इतकी होती. मला जुना आकडाच जास्त थक्क करतो. तो दुर्बीण आणि कागदावर काढलेला आहे.

मजूर बहुतेक इटालियन. डायनामाइटचा धूर, गुडघाभर पाणी आणि तिथेच शौच. अंकुशकृमींनी माणसं पांढरीफटक पडली. जुलै १८७५ मध्ये गोशेनेनला त्यांनी संप केला, तेव्हा उरी परगण्याच्या शिपायांनी गोळ्या घातल्या, चौघे मेले. कामावर मेलेल्यांचा अधिकृत आकडा १९९. ऐरोलो स्टेशनाजवळ व्हिन्चेन्झो व्हेलाने घडवलेलं शिल्प आहे, मेलेल्या साथीदाराला झोळीत वाहून नेणारे मजूर. गाडीतून ते मिळालं नाही. ते पाहायला मला पुन्हा जायला हवं.

बोगद्यातून गोशेनेनला बाहेर आलो आणि उतार लागला. काका सरसावून बसले. बोरघाटात उतरणारी गाडी जपून, मोजक्या वेगाने सोडतात. सुटलीच तर तिला चढावर नेऊन थांबवायला कॅच साइडिंग ठेवलेले असतात. "इथं कॅच साइडिंग कुठंय?" काका खिडकीला नाक लावून शोधत होते. कॅच साइडिंग सापडला नाही, पण वासेनचं चर्च सापडलं. छोटं, पांढरं. आधी आमच्या पायांखाली, खोल. मग डोंगराच्या पोटात गाडी गोल फिरून बाहेर आली तर ते खिडकीच्या उंचीवर. मग आणखी एक अंधारं वळण, आणि चर्च डोक्यावर. एकच चर्च तीनदा. समोरच्या बाकावरच्या शाळकरी पोराला हे पाठ होतं. तो दर वेळी आधीच बोट दाखवून ठेवायचा.

"तीनदा दाखवलं, म्हणजे केवढं खाली आलो बघ," काका म्हणाले. ब्रेकचा आवाज मुळीच नव्हता. उतरताना मोटरच वीज तयार करून वरच्या तारेत परत देते, हे मला त्यांनीच सांगितलं.

झुरिक स्टेशनाबाहेर आल्फ्रेड एशरचा पुतळा आहे. गोट्हार्ड रेल्वेसाठी पैसा उभा करणारा हा माणूस. खर्च फुगला तेव्हा त्याला बाजूला सारलं, आणि बोगद्याचं भोक पडल्याच्या समारंभाला बोलावणंही गेलं नाही. १८८२ मध्ये बोलावलं तेव्हा तो आजारी होता, आणि त्याच वर्षी गेला. पुतळा स्टेशनाकडे पाठ करून उभा आहे.

आत फलाटावर ते प्रसिद्ध घड्याळ. १९४४ मध्ये हान्स हिल्फिकर या रेल्वेच्याच अभियंत्याने आखलेलं. लाल सेकंदकाटा १९५३ मध्ये आला. काट्याच्या टोकाला गोल तबकडी, गाडी सोडताना स्टेशनमास्तर दाखवायचा त्या दांडीसारखी. हा काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि बारावर येऊन थांबतो. मुख्य घड्याळाकडून मिनिटाचा इशारा आला की मिनिटकाटा एक घर पुढे उडी मारतो आणि सेकंदकाटाही पुन्हा चालू लागतो.

काका त्याच्याखाली उभे राहिले. बॅगा खाली ठेवल्या, चष्मा पुसला. लाल तबकडी वर चढत आली, बारावर टेकली.

"थांबली," काका म्हणाले. मग, "सोडली."

पुढच्या मिनिटालाही ते तिथेच होते.